धुऱ्यावरचं लाकूड विकायचंय? आधी टेप काढा

मराठवाड्यात लाकूड विकणं हा सहसा कुणाचा धंदा नसतो. ती अडीनडीची सोय असते. मुलीचं लग्न निघतं, बोअर कोरडा जातो, दवाखान्याचं बिल येतं, आणि मग धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळी, विहिरीजवळचा लिंब, आजोबांनी लावलेली सागाची ओळ आठवते. गुत्तेदाराला, म्हणजे झाडं ठेक्यानं तोडून नेणाऱ्याला, निरोप जातो. तो येतो, मान वर करून झाडांभोवती एक चक्कर मारतो आणि एक आकडा सांगतो. आपण थोडं वाढवून मागतो, तो थोडं वाढवतो, चहा होतो, सौदा ठरतो. या सगळ्यात टेप कुणीच काढलेला नसतो.

गंमत बघा, सोयाबीन विकताना आपण ओलाव्याच्या एका टक्क्यावरून आडत्याशी भांडतो. पंधरा-वीस वर्षं वाढलेलं झाड मात्र नजरेच्या अंदाजावर देऊन टाकतो. नजर गुत्तेदाराची तयार असते, आपली नसते. म्हणून नव्यानं लाकूड विकायला निघालेल्यानं एवढं एकच धरून ठेवावं, की आपल्याकडे किती घनफूट माल आहे हे स्वतः मोजल्याशिवाय कुणाशीही भावाची भाषा करायची नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच आधारानं चढायच्या आहेत.

आपल्या भागाची एक अडचण आधीच लक्षात घ्यावी. किनवट-माहूरचा सागाचा पट्टा, कन्नडकडचा गौताळ्याचा डोंगर असे काही भाग सोडले, तर आठही जिल्ह्यांत जंगल फार थोडं. लातूर जिल्ह्याचं वनक्षेत्र तर एक टक्काही भरत नाही. त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीसारखी लाकडाची मोठी बाजारपेठ इथं उभी राहिली नाही. तालुक्याला दोन-चार गुत्तेदार, पाच-सहा सॉमिल, एवढाच कारभार. गिऱ्हाईक थोडं असलं की अंदाजानं विकणारा जास्त मार खातो.

पहिली पायरी: झाड नक्की कुणाचं?

आपल्या शेतातलं झाड आपलंच, हे बहुतेक वेळा खरं असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम २५ प्रमाणे धारण केलेल्या जमिनीवरच्या झाडांचा हक्क साधारणपणे जमीनधारकाचा असतो. तरीही सातबारा हातात घेऊन तीन-चार गोष्टी बघाव्या लागतात.

भोगवटादार वर्ग १, म्हणजे सरकारी अटींशिवायची मालकी, असं लिहिलेलं असेल तर वाट बरीच सोपी. वर्ग २, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन, असेल, किंवा इतर हक्काच्या रकान्यात इनामाचा उल्लेख असेल, तर आधी तहसीलमध्ये विचारून घ्या. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे मदतमाश, खिदमतमाश असले इनामाचे शब्द आजही इथल्या कितीतरी उताऱ्यांवर सापडतात. अशा जमिनीवरच्या झाडाचा सौदा परस्पर करायला जाऊ नका.

सातबारावर भावांची, बहिणींची नावं एकत्र असतील तर सगळ्यांची लेखी संमती घ्या. वाटणी तोंडी झालेली असते, 'तो धुरा माझ्याकडे आलाय' हे गावाला ठाऊक असतं, पण कागदाला ठाऊक नसतं. पुण्यात राहणाऱ्या बहिणीला एक फोन करून सही मागायचा कंटाळा केला आणि पुढं अर्ज महिनोन् महिने अडकून पडला, असं सर्रास होतं.

धुऱ्यावरचं झाड ही तर भांडणाची जुनीच जागा. बुंधा नेमका बांधाच्या मधोमध असेल तर शेजाऱ्याला विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका. वाटा ठरवून एका कागदावर दोघांच्या सह्या घ्या, विषय संपला. रस्त्याकडेची, गायरानातली, कॅनॉलच्या भरावावरची झाडं सरकारी असतात. समोर शेत आपलं असलं म्हणून ती आपली होत नाहीत. वनहक्क कायद्यानं मिळालेल्या पट्ट्यातला साग मालकीचा समजून विकायला निघू नका.

किनवट, माहूरकडच्या आदिवासी शेतकऱ्यांसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. अनुसूचित जमातीच्या खातेदाराला आपली झाडं थेट व्यापाऱ्याला विकता येत नाहीत. विक्री जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, वन खात्याच्या मदतीनं होते. वेळ लागतो, लोक कंटाळतात, पण हा कायदा आला तोच मुळी आदिवासींची झाडं कवडीमोलानं लुबाडली जात होती म्हणून. स्टॅम्पवर 'झाडं दिली' असं लिहून घेणारा कुणी दारात आला, तर त्याला परत पाठवा.

आणखी एक काम आजच करून ठेवता येतं. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. पीक नोंदवताना दोन मिनिटं जास्त देऊन झाडंही टाका. पुढं रस्त्यात, कालव्यात जमीन गेलीच तर झाडांचं मूल्यांकन वेगळं होतं, आणि त्या वेळी जुनी नोंद फार कामाला येते. समृद्धी महामार्ग जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतून गेला तेव्हा आपल्या शेतात झाडं किती होती, हे कितीतरी जणांना नीट सांगता येत नव्हतं.

दुसरी पायरी: झाड अनुसूचीत आहे का?

महाराष्ट्रात झाडं तोडण्याबाबतचा विनियमन कायदा १९६४ चा आहे. त्याच्या अनुसूचीत ठरावीक झाडं आहेत: साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, फणस, हिरडा, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन आणि खारफुटी. यातलं झाड स्वतःच्या शेतात, स्वतःच्या हातानं लावलेलं असलं तरी तोडण्याआधी परवानगी लागते. मराठवाड्यात खरा प्रश्न येतो तो साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह आणि चंदन यांचा.

लिंब, बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी, शिरस, येडी बाभूळ ही झाडं या अनुसूचीत नाहीत. बांबूचं तर आणखी सोपं झालंय. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतूनच निघाला. तो तोडा, विका, गाडीत घाला, वन खात्याच्या पासाचं बंधन नाही. औसा तालुक्यातल्या लोदग्याहून शेतकरी नेते पाशा पटेल गेली काही वर्षं बांबू लावा म्हणून सगळीकडे सांगत फिरताहेत, त्यात ही कायद्याची मोकळीक मोठी आहे.

शेत नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या हद्दीत येत असेल तर मात्र हा हिशेब बदलतो. तिथं १९७५ चा नागरी क्षेत्रातला झाडं जतन कायदा लागतो, आणि त्यात लिंब-बाभळीलाही पालिकेची परवानगी लागते. गावाची हद्दवाढ कधी झाली हे पुष्कळांना ठाऊकच नसतं, म्हणून खात्री करून घ्या.

तिसरी पायरी: मोजा

इथं सावकाश वाचा. पैसे इथंच मिळतात आणि इथंच जातात.

लागतं काय, तर शिंप्याकडे असतो तसला एक कापडी टेप, एक लांब टेप, खडू आणि वही. सोबत एक माणूस. सकाळी ऊन चढायच्या आत शेतात जा आणि ओळीतल्या पहिल्या झाडापासून खडूनं नंबर टाकत चला. वहीत प्रत्येक झाडाला एक ओळ: नंबर, जात, छातीच्या उंचीवरचा घेर, सरळ खोडाची उंची आणि शेरा. छातीची उंची म्हणजे जमिनीपासून साडेचार फूट. वन खातं १.३७ मीटर धरतं. झाड उतारावर असेल तर वरच्या अंगाला उभं राहून मोजायचं. तिथं गाठ किंवा फांदीचा फुगवटा असेल तर थोडं वर किंवा खाली सरका. टेप खोडाला आडवा, घट्ट बसला पाहिजे. तिरका बसला की घेर फुगतो आणि आपणच आपल्याला फसवतो.

उंची मोजायला झाडावर चढायची गरज नाही. आपल्या डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढ्याच लांबीची काठी घ्या. हात ताठ करून ती उभी धरा आणि मागं मागं सरका. काठीचं खालचं टोक झाडाच्या बुडाला आणि वरचं टोक पहिल्या मोठ्या फांदीला, म्हणजे सरळ खोड जिथं संपतं तिथं, भिडलं की थांबा. तुम्ही उभे आहात तिथून बुडापर्यंतचं अंतर म्हणजे सरळ खोडाची उंची. जमीन सपाट असेल तर हा अंदाज व्यवहाराला पुरेसा चांगला येतो. शेंड्यापर्यंतची उंची मोजून काही उपयोग नाही. सॉमिलवाला पैसे देतो ते सरळ खोडाचे.

आता घनफूट. आपल्याकडं लाकडाच्या व्यापारात पाव घेराचं गणित चालतं. ओंडक्याच्या मध्यावरचा घेर इंचात घ्या, त्याला ४ नं भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, त्याला फुटातल्या लांबीनं गुणा आणि शेवटी १४४ नं भागा.

समजा सागाचा ओंडका १० फूट लांब आहे आणि मध्यावर घेर ३६ इंच. ३६ भागिले ४ म्हणजे ९. नवाचा वर्ग ८१. त्याला १० नं गुणलं की ८१०. भागिले १४४, म्हणजे ५.६२ घनफूट. हाच आकडा वन खात्याच्या कागदावर घनमीटरमध्ये दिसेल. एक घनमीटर म्हणजे ३५.३१ घनफूट, त्या हिशेबानं हा ओंडका ०.१५९ घनमीटर.

या गणितात एक गोष्ट लपलेली आहे, ती माहीत असलेली बरी. गोल ओंडक्याचं भूमितीप्रमाणं खरं घनफळ काढलं तर याच ओंडक्यात ७.१६ घनफूट लाकूड भरतं. म्हणजे पाव घेराची रीत मुळातच साधारण साडेएकवीस टक्के कमी दाखवते. ते कापताना जाणारा भुसा आणि कडेच्या फळ्या धरून ठरलेलं आहे, आणि सगळा बाजार त्याच मापावर भाव सांगतो, म्हणून त्यात भांडायचं काही नाही. पण कुणी पाव घेरानं मोजून वर 'कापणीतली घट' म्हणून आणखी दहा टक्के वजा करायला लागला, तर त्याला शांतपणे विचारा की घट दोनदा कशी काय.

आता खरी मेख. घेर कुठं मोजला? झाड बुडाला जाड, शेंड्याला बारीक. समजा सागाचं २० फूट सरळ खोड आहे. बुडाला घेर ४८ इंच, वरच्या टोकाला ३२, मध्यावर ४०. मध्याचा घेर धरला तर १३.८९ घनफूट भरतं. गुत्तेदाराच्या माणसानं बारीक टोकाचा घेर घेतला तर तेच खोड ८.८९ घनफूट होतं. बरोबर पाच घनफूट गायब, आणि कुणी खोटंही बोललेलं नाही. टेप खराच होता, फक्त वरच्या टोकाला लावला होता. समजण्यापुरता घनफुटाला १,००० रुपये भाव धरा, म्हणजे एका झाडामागं ५,००० रुपये गेले. ओळीत तीस झाडं असतील तर पुढचा हिशेब तुम्हीच करा.

त्यामुळे सौद्याच्या आधीच ठरवून घ्यायचं की घेर ओंडक्याच्या मध्यावर मोजायचा, आणि सालीसकट की साल काढून, हेही बोलून घ्यायचं. सागाची साल पातळ असते, फार फरक पडत नाही. जुन्या बाभळीची, चिंचेची साल जाड, तिथं घेरात दोन-तीन इंच सहज जातात. घेराचा वर्ग होतो, म्हणून इंचाची किंमत मोठी आहे. वरच्याच ओंडक्याचा घेर ३६ ऐवजी ४० भरला तर ५.६२ चे ६.९४ घनफूट होतात. चार इंचांनी जवळजवळ चौथाई माल वाढला.

याच कारणानं वाढत्या सागाला घाई करू नये, असं मी सांगतो. झाडाचा घेर वाढत असतो तोवर माल वर्गाच्या हिशेबानं वाढतो, आणि शिवाय जाड लाकडाचा घनफुटाचा भावही चढा असतो, कारण आतला पक्का गाभा वाढलेला असतो. कोवळा साग म्हणजे बाहेरचं पांढरं लाकूडच जास्त. सुताराला ते नको असतं, वाळवीला मात्र आवडतं. पैशाची नड असेलच तर ओळीतली वाकडी, दाटीत दबलेली झाडं आधी काढा. राहिलेल्यांना जागा मिळते आणि ती जोमानं फुगतात.

उभ्या झाडाच्या मध्याचा घेर हाताला लागत नाही हे खरं. छातीच्या उंचीवरचा घेर आणि वरच्या टोकाचा नजरेनं धरलेला घेर, यांची सरासरी घ्या. ओळीतलं एखादं झाड वादळानं पडलेलं असेल तर त्यावर आपला अंदाज तपासून बघा. दोन-तीन झाडांत नजर बसते. शेऱ्याच्या रकान्यात पोकळ बुंधा, वाळवी, खिळे, जुनी तार, वीज पडल्याची चीर हे प्रामाणिकपणे लिहा. खोडावर कुऱ्हाडीचा तुंबा मारला की पोकळ आवाज कळतो. गुत्तेदारही तेच करणार आहे, आधी आपण केलेलं बरं.

चौथी पायरी: कुठला माल कशात जाईल?

एकाच झाडाचे तीन-चार भाव असतात. सरळ जाड बुंधा इमारती लाकूड म्हणून घनफुटानं जातो. वाकडा, मध्यम जाडीचा भाग सॉमिलला पॅकिंगच्या फळ्यांसाठी चालतो. बाकी फांद्या जळतण, टनानं किंवा क्विंटलनं. वीटभट्टी, गुऱ्हाळ, हॉटेल, स्मशान, लाकडाची वखार, सगळ्यांना जळतण लागतं. गुत्तेदार बहुतेक वेळा सगळ्याचा मिळून एकच आकडा सांगतो, आणि त्यात बुंध्यालाही जळतणाच्या भावात ओढतो. लिंबाच्या बाबतीत हे फार होतं. जुन्या लिंबाचा सरळ बुंधा फर्निचरला, चौकटीला चालतो. तो वीटभट्टीत जाणं म्हणजे नुकसान.

बाभळीला पूर्वी बैलगाडी, नांगर, वखर, तिफण यांच्यासाठी घरोघर मागणी होती. ट्रॅक्टर आले आणि सुतारही कमी झाले, पण चांगली सरळ बाभूळ शोधत येणारे सुतार अजून आहेत. त्यांना आधी विचारा.

सुबाभूळ आणि निलगिरी कागदाच्या लगद्यासाठी टनावर जातात. नांदेडच्या बाजूच्या शेतकऱ्यांना तेलंगणातली कागजनगरची गिरणी आणि चंद्रपूरकडचं बल्लारपूर ही दोन नावं परिचयाची आहेत. एकट्याची अर्ध्या एकरातली सुबाभूळ घेऊन तेवढं लांब जाणं परवडत नाही. चार शेतकऱ्यांनी मिळून गाड्या भरल्या तरच वाहतूक निघते. टनावर विकताना तोडल्यावर माल शेतात पडू देऊ नका. रोज उन्हात वजन उडतं. घेणाऱ्याला वाळलेलं हवं असेल तर भाव त्या हिशेबानं चढा मागा.

चिंच आणि आंब्याबद्दल माझं मत वेगळं आहे. लातूरच्या बाजारात चिंचेला गिऱ्हाईक आहे, मराठवाड्याच्या केसर आंब्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. फळ देणारं झाड तोडण्याआधी त्याच्या मागच्या चार-पाच हंगामांचं उत्पन्न वहीत मांडा. चिंचेचं झाड दरवर्षी झोडपायला देऊन जे येतं ते आणि लाकडाचे एकदाच येणारे पैसे, हे शेजारी शेजारी लिहिले की बऱ्याच जणांचा हात थांबतो. नाही थांबला तर निदान डोळे उघडे ठेवून निर्णय झाला.

पाचवी पायरी: परवानगी

बिगर-अनुसूचीतलं झाड असेल तर ही पायरी जवळजवळ नाहीच. सागाचं मात्र रीतसर 'मालकी प्रकरण', म्हणजे स्वतःच्या जमिनीवरची झाडं तोडायच्या परवानगीचा अर्ज, करावं लागतं. शब्द वन खात्याचाच आहे, कार्यालयात जाऊन तोच वापरा. अर्जासोबत सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा, सहहिस्सेदारांची संमती आणि झाडांची यादी द्यायची. ही यादी म्हणजे तुमची वही. नीट लिहिलेली असली की अर्जाचं अर्धं काम झालेलं असतं. कुठल्या झाडाचा अर्ज तहसीलला आणि कुठल्याचा वन परिक्षेत्र कार्यालयात, हे आपल्या तालुक्यात आधी विचारून घ्या, नाहीतर उगाच हेलपाटे होतात.

शेत जंगलाला लागून असेल तर भूमी अभिलेखची हद्द मोजणी मागतात. मग वन खात्याचा माणूस जागेवर येतो, झाडं मोजतो, खुणा करतो. तो दिवस चुकवू नका. त्याच्या मोजणीच्या वेळी तुमची वही तुमच्या हातात असली पाहिजे, आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी झाडांचा आकडा स्वतः वाचला पाहिजे. नदी-ओढ्याच्या काठावरच्या, उतारावरच्या झाडांना परवानगी देताना खातं हात आखडतं, आणि ते बरोबरच आहे. पावसाळ्यात काठ कुणाचा वाहून जातो ते आपल्याला ठाऊक आहे. परवानगीसोबत नवी झाडं लावायची अटही येते.

"परवान्याचं मी बघतो, तुम्ही फक्त सह्या करा," असं गुत्तेदार म्हणतो. धावपळ त्यानं करायला हरकत नाही, पुष्कळदा तोच ते वेगानं करतो. पण अर्ज तुमच्या नावावर असतो. कोऱ्या कागदावर सही द्यायची नाही, आणि अर्जाची, परवानगीची, वाहतूक पासाची एकेक झेरॉक्स आपल्याकडं ठेवायची. यात एक जुनी लबाडी आहे. शेतात झाडं असतात वीस, यादीत लिहिली जातात तीस. वरच्या दहा झाडांच्या नावावर दुसरीकडून चोरून तोडलेला साग पास होतो. सापडलं तर सातबारा तुमचा, सही तुमची आणि चौकशीही तुमचीच.

सहावी पायरी: सौदा

आता भाव विचारायला निघा. किमान तीन ठिकाणी: दोन सॉमिल आणि एक वखार, शक्यतो वेगवेगळ्या तालुक्यांतल्या. सॉमिल परवानाधारक असते. परवाना नसलेल्या ठिकाणी भाव जास्त सांगितला तरी तिकडं फिरकू नका. सागाचा भाव घेराच्या वर्गवारीप्रमाणं विचारा: एवढ्या इंचाच्या वर हा, त्याच्या खाली तो. वन खात्याच्या आणि वन विकास महामंडळाच्या आगारांत सागाचे लिलाव होतात. तिथल्या मालाशी आपल्या धुऱ्यावरच्या सागाची बरोबरी नसते, पण त्या भावांनी बाजार कुठं आहे ते कळतं.

भाव विचारताना 'कुठला' हे विचारायला विसरू नका. गिरणीवर पोच भाव आणि शेतातला उभ्या झाडाचा भाव यांच्यामध्ये तोडणी, ओढणी, भरणी, वाहतूक आणि परवान्याचा खर्च असतो. तो कुणी करायचा हे ठरल्याशिवाय दोन भावांची तुलना होत नाही. कागदावर दोन रकाने करा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा भाव शेतातल्या भावावर आणून बघा.

सगळी ओळ मिळून गुत्त्यानं द्यायची की मोजून? मोजून द्या, हे माझं सरळ उत्तर. गुत्त्यात फायदा त्याचा, ज्याला माल किती आहे हे माहीत आहे. तरी गुत्त्यानंच द्यायची वेळ आली तर आता तुम्हालाही ते माहीत आहे. वहीतले घनफूट गुणिले भाव, वजा खर्च, हा आकडा मनात ठेवून बोला.

सौदा साध्या कागदावर का होईना, लिहा. झाडांचे नंबर, मोजायची रीत, भाव, इसार किती, बाकी कधी, खर्च कुणाचा, फांद्या कुणाच्या, तोड किती दिवसांत, बांधाचं किंवा ठिबकचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार. फांद्या कुणाच्या हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. दहा झाडांच्या फांद्यांत वर्षभराचं सरपण असतं.

सातवी पायरी: तोड आणि वाहतूक

तोडीला माघ ते वैशाख हा काळ बरा. रब्बी निघालेलं असतं, रान मोकळं असतं. मृगाचा पाऊस पडला की काळ्या मातीत ट्रक रुततो आणि मग ओढणीचा खर्च तुमच्याच गळ्यात येतो. बुंधा जमिनीलगत कापायला सांगा. कापणारे कमरेत वाकायचा कंटाळा करतात आणि दीड-दोन फूट खोड तिथंच उभं राहतं. झाडाचा सगळ्यात जाड भाग तोच.

ओंडके पाडायचे तेही आपल्यासमोर. बाजारात चालणाऱ्या लांबीला साजेसे तुकडे करा. उगाच सव्वानऊ फुटांचा ओंडका झाला की तो ९ फूटच धरला जातो. ट्रकमध्ये चढण्याआधी प्रत्येक ओंडका मोजून वहीत उतरवा आणि टोकाला खडूनं नंबर टाका. टनावर माल जात असेल तर रिकाम्या गाडीचं वजन आपल्यासमोर झालं पाहिजे, भरलेलीचंही त्याच काट्यावर, आणि दोन्ही पावत्यांची प्रत आपल्याला मिळाली पाहिजे.

सागाला वाहतूक पास लागतोच. तोड झाल्यावर वन खात्याचा माणूस पुन्हा येऊन माल मोजतो, शिक्का मारतो, मग पास मिळतो. त्याची मुदत असते, गाडीचा नंबर असतो, मार्ग असतो. राज्याबाहेर, म्हणजे तेलंगणा किंवा कर्नाटकात माल जाणार असेल तर देशभर चालणारी ऑनलाइन पास प्रणाली डिसेंबर २०२३ पासून सुरू आहे. सुबाभूळ, निलगिरीसारख्या झाडांना पासातून सूट आहे. इतर झाडांचं गाडी भरण्याआधी वन कार्यालयात विचारा. रस्त्यात अडवलेल्या गाडीत लाकूड, गाडी दोन्ही जप्त होतं, आणि पैसे मिळायचे राहिलेले असतात.

म्हणून गाडी हलण्याआधी त्या गाडीपुरते पैसे खात्यात आले पाहिजेत. 'गिरणीवर माप झालं की देतो' हे ऐकायला बरं वाटतं, पण गिरणीवर आपण नसतो.

पैसे आल्यावर

पैसे बँकेतच घ्या. शेतात स्वतः लावून, मशागत करून वाढवलेल्या झाडांचं उत्पन्न शेती उत्पन्न मानलं जातं, पण आपोआप उगवलेल्या झाडांचं तसं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये राजा बिनय कुमार साहस रॉय यांच्या प्रकरणात हा फरक स्पष्ट केलेला आहे. रक्कम मोठी असेल तर लागवडीचा पुरावा, म्हणजे रोपांच्या पावत्या, रोजगार हमीची नोंद, ई-पीक पाहणी, हे जपून ठेवा आणि कर सल्लागाराला दाखवा.

या पैशातून चंदन, महोगनी लावायचा मोह होईल. रोपवाटिकेचा माणूस एकरी कोटीची भाषा करतो आणि 'आम्हीच परत विकत घेऊ' म्हणतो. बारा-पंधरा वर्षांनी तो कुठं असेल ते विचारा, आणि परत खरेदीचा करार भावासकट लिहून मागा. चंदनाला तर राखण लागते. गाभा भरायला लागला की चोर आधी येतो.

तोडलेल्या सागाची खोडकी उकरून काढायची घाई करू नका. पहिल्या पावसातच तिला धुमारे फुटतात, झुपकाच्या झुपका येतो. पावसाळा संपला की त्यातला जमिनीलगतचा, सरळ, जोमदार असा एकच धुमारा ठेवा आणि बाकीचे विळ्यानं साफ करा. मूळ जुनं आणि खोल असल्यानं तो नव्या रोपापेक्षा पुष्कळ वेगानं वर जातो. शेळ्यांपासून पहिली दोन वर्षं काट्यांचं कुंपण लावा, आणि वहीत त्याच नंबरापुढं धुमारा ठेवल्याचं साल लिहून टाका.